नमुना

सोहारच्या प्लांटमध्ये समुद्र पाइपातून येतो
आणि माझ्यासमोर बसतो काचेच्या बाटलीत.
क्षार, क्लोरीन, गढूळपणा.
बारा वर्षं मी रकान्यांत हेच लिहिते:
मर्यादेत. मर्यादेत. मर्यादेबाहेर, पुन्हा तपासा.
आई म्हणायची, काय नमुना जन्माला आलाय!
तिला कुठे ठाऊक, नमुन्यांवरच पोट चालणार आहे.

मागच्या आठवड्यात माझाच गेला.
तांदळाच्या कणीएवढे दोन तुकडे,
झाकणावर माझं नाव, एक अक्षर चुकलेलं.
डॉक्टर इब्तिसामनी आधी सिरका लावला,
तोच, ज्यात हिलालची बायको सलगम मुरवते.
बिघडलेल्या पेशी पांढऱ्या उठतात, म्हणाल्या.
मी छताकडे बघत होते.
छतावर कुणीतरी धबधब्याचं पोस्टर चिकटवलंय,
उताण्या बायकांसाठी.

आज कागद आला.
सीआयएन दोन. एचपीव्ही सोळा: आढळला.
मी सवयीने शेजारचा रकाना शोधला,
किती असलं तर चालतं, तो.
नव्हता.

लिस्सी सिस्टर हिंदीत म्हणाली, बच्चेदानी का मुँह.
आमच्याकडे पिशवीचं तोंड.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार,
ही म्हण कुणी नक्की कुठे बघून केली असेल?

डॉक्टरांनी अपॉइंटमेंट कार्डाच्या पाठीवर चित्र काढलं.
हा वरचा पापुद्रा. ही त्याच्या तळाची रेघ.
तळापासून इथवर, अर्ध्याच्या थोडं वर,
पेशी रांग सोडून उभ्या आहेत.
रेघ ओलांडून खाली उतरल्या असत्या
तर मी तुला दुसरं नाव सांगितलं असतं.
उतरलेल्या नाहीत.
तीनदा गिरवली त्यांनी ती रेघ,
कार्डाला चर पडेपर्यंत.

कधीपासून, मी विचारलं.
दहा वर्षं असेल, दहा महिने असतील,
हा पाहुणा आल्याची वर्दी देत नाही.
कुणाकडून, हे मी विचारलं नाही.
त्यांनीही न विचारलेल्याचं उत्तर दिलं:
कागदावर ते कधीच लिहून येत नाही.

बसमध्ये मी हिशेब मांडला.
विश्राम, टगबोटीवर नोकरी, किती बंदरं, किती रात्री.
एकेक बंदर पकडून उलटतपासणी केली.
मग फलज राउंडअबाउटपाशी, सिग्नलला,
आठवला रत्नागिरीतला एक उन्हाळा,
लग्नाच्या चार वर्षं आधीचा.
हिशेब तिथेच राहिला.

वहिनीचा फोन:
काढून टाक गं पिशवी, इकडे सगळ्याच काढतात.
दोन पोरं झाली, आता काय तिचं लोणचं घालायचंय?
मी म्हटलं, सिरका लावून झालाय.
तिला कळलं नाही. मला हसू आलं,
मग बराच वेळ आवरेना.

रात्री विश्राम आला, डिझेलच्या वासासकट.
मी कार्ड ताटाशेजारी ठेवलं.
दोन प्रश्न तयार होते, एक त्याला,
एक त्याने मला विचारला तर.
त्याने चष्मा लावला. ही रेघ कसली?
ह्याच्या पलीकडे गेलेलं नाही.
म्हणजे लोड लाइन, तो म्हणाला,
जहाजाच्या अंगावर असते तशी.
कार्ड त्याने उलटं धरलं होतं.
मी सरळ केलं नाही.
भात गार होईस्तोवर बघत बसला,
मग विचारलं, गुरुवारी तिथे
गाडी लावायला जागा मिळते का?

गुरुवारी तारेचं एक कडं, विजेचं,
वीस मिनिटं, तेवढाच भाग काढतील.
सहा महिन्यांनी पुन्हा तपासा.
समुद्राला हे दोन शब्द मी किती सहज ऐकवत आले.

फ्रिजवर यादी लावली आहे:
न्याहारी करून जायचं.
मिहिकाला तेरावं लागेल, तिच्या लशीचं विचारायचं.
आणि झाकणावरचं ते अक्षर
दुरुस्त करून घ्यायचं.
नमुना माझा आहे.